पाणी दगडाला भेटतं तिथे

[दृश्य : ताऱ्यांनी भरलेलं आकाश, मधोमध काळा ढग]

ताऱ्यांच्या मधला हा काळा भाग रिकामा नाही. तो वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे. आतलं तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. आणि एवढ्या थंडीत इथे पाणी तयार होतं.

धुळीचा एक कण घेऊ. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. त्याच्यावर ऑक्सिजनचा अणू येऊन चिकटतो. मग हायड्रोजनचा एक येतो, आणखी एक येतो, आणि पाण्याचा रेणू जुळतो. लाखो वर्षं हे चालू राहतं आणि कणावर बर्फाचा पातळ थर चढतो. यातला हायड्रोजन विश्वाच्या आरंभापासूनचा, सुमारे १३८० कोटी वर्षं जुना. ऑक्सिजन मात्र नंतरचा. तो मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात घडला आणि ते तारे फुटले तेव्हा बाहेर विखुरला.

१९६९ मध्ये चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ दुर्बिणीतून ताऱ्यांमधल्या अवकाशात पाण्याच्या वाफेची खूण पहिल्यांदा टिपली. तेव्हापासून जिथे जिथे पाहिलं, तिथे तिथे पाणी सापडत गेलं. धूमकेतूंमध्ये, शनीच्या कड्यांमध्ये, बुधाच्या ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांमध्येसुद्धा. चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने चंद्राच्या मातीतही त्याच्या खुणा दाखवल्या.

[दृश्य : तरुण ताऱ्याभोवती फिरणारी तबकडी]

पण ढगातलं ते पाणी ग्रहांपर्यंत टिकून राहतं का? तारा जन्मताना इतकी उष्णता निघते, की जुने रेणू मोडून सगळं नव्याने घडत असेल, अशी शंका होती. मृग नक्षत्राच्या दिशेला, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर व्ही ८८३ ओरायनिस नावाचा तरुण तारा आहे. २०२३ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी त्याच्याभोवतीच्या तबकडीतलं पाणी तपासलं. त्यात जड हायड्रोजनचं, म्हणजे ड्यूटेरियमचं प्रमाण जन्मदात्या ढगांमधल्या पाण्याशी जुळलं. पाणी ताऱ्याच्या आधीचं होतं आणि मोडलं नव्हतं. आपल्या समुद्रातल्या पाण्याचा काही भागही सूर्य पेटण्याआधी बनलेला असावा.

हे पाणी पृथ्वीवर कोणी आणलं, हा वाद अजून मिटलेला नाही. समुद्राच्या पाण्यात साधारण ६४०० हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमचा एक असतो. रोझेटा यानाने २०१४ मध्ये ६७पी या धूमकेतूजवळ मोजलं, तर तिथलं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. दुसऱ्या काही धूमकेतूंचं प्रमाण आपल्या समुद्राच्या जवळ जातं. कार्बनयुक्त उल्कापाषाणांचंही जातं. काही पाणी पृथ्वी ज्या खडकांपासून बनली त्यांच्यातच असणार. इतकं मात्र ठाम सांगता येतं, की ते फार लवकर आलं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथे सापडलेले झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत आणि त्यांच्यातल्या ऑक्सिजनवर पाण्याच्या संपर्काची खूण आहे.

म्हणजे विश्वात पाण्याला तोटा नाही. एखाद्या दूरच्या ग्रहावर पाणी सापडल्याची बातमी आली, की लगेच जीवनाची चर्चा सुरू होते. ही घाई मला पटत नाही. बहुतेक ठिकाणी पाणी आहे ते बर्फ म्हणून किंवा वाफ म्हणून. दुर्मीळ आहे ते द्रवरूप पाणी. आणि त्याहून दुर्मीळ, खडकाला लागून दीर्घकाळ टिकलेलं द्रवरूप पाणी.

[दृश्य : वाळवंटात उतरलेली कुपी, मग काळ्या खड्यांचा जवळून घेतलेला फोटो]

२४ सप्टेंबर २०२३. अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटात एक कुपी उतरली. ओसायरिस-रेक्स मोहिमेने बेन्नू या लघुग्रहावरून आणलेली १२१.६ ग्रॅम माती आणि खडे तिच्यात होते. बेन्नू जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद, पण तो एका मोठ्या पिंडाचा तुकडा आहे. त्या पिंडाच्या पोटात एके काळी पाणी खेळत होतं. ते आटत गेलं तशी त्यातली मिठं एकामागून एक खाली बसली. खाऱ्या तळ्याच्या काठावर साचतात तशीच ही मिठं, या खड्यांमध्ये सापडली.

त्यांच्याबरोबर अमोनिया सापडला. सजीवांच्या प्रथिनांत वापरली जाणारी २० अमिनो आम्लं असतात, त्यांपैकी १४ सापडली. डीएनए आणि आरएनएची अक्षरं म्हणता येतील असे पाचही रेणू सापडले. जीवनासाठी लागणारे इतके घटक एका ठिकाणी, आणि तेही जिथे कधी कोणी जगलं नाही तिथे.

जीवन का नाही सुरू झालं? अशा पिंडाला ऊब मिळायची ती मुख्यतः किरणोत्सारी ॲल्युमिनियमपासून, आणि ते दर सात लाख वर्षांनी निम्मं होत जातं. सामग्री जमली होती, पण चूल लवकर विझली. हे माझं अनुमान आहे, पण मला ते पटतं.

आणखी एक गोष्ट त्या मातीत दिसली. अमिनो आम्लांची रचना दोन प्रकारची असू शकते, डावी आणि उजवी, आरशातल्या प्रतिमेसारखी. बेन्नूवर दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात आहेत. पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं मात्र डावीच वापरतात.

[दृश्य : समुद्रतळावरचे पांढरे मनोरे]

आता एक अडचण, जी पाण्याचं कौतुक करताना सहसा सांगितली जात नाही. दोन अमिनो आम्लं जोडली जातात तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल, तर ही क्रिया उलट फिरते. साखळी जुळण्यापेक्षा तुटणं सोपं होतं. जीवनाला पाणी हवं, आणि पाणी जीवनाचे मोठे रेणू तोडतं. जीवनाचं मूळ कुठे, या प्रश्नावर शास्त्रज्ञांचे दोन मोठे गट पडले आहेत, त्याचं हे एक मोठं कारण.

एक गट उथळ डबक्यांकडे बोट दाखवतो. डबकं आटतं, पुन्हा भरतं, पुन्हा आटतं. आटताना साखळ्या जुळतात.

दुसरा गट समुद्राच्या तळाशी जातो. २००० साली अटलांटिक महासागरात ‘लॉस्ट सिटी’ नावाचं ठिकाण सापडलं. तिथे साठ मीटरपर्यंत उंच, फिकट पांढरे मनोरे उभे आहेत. त्यांच्याखाली समुद्राचं पाणी ऑलिव्हिन या खनिजाने भरलेल्या खडकात झिरपतं आणि दोघांच्या क्रियेतून हायड्रोजन वायू आणि उष्णता निघते. त्या हायड्रोजनवर तिथले जंतू जगतात. या मनोऱ्यांच्या सच्छिद्र भिंतींमध्ये इवलीइवली दालनं असतात. आत एक रसायन, बाहेर दुसरं, मध्ये पातळ भिंत. पेशीही याच फरकावर चालते. मला हा विचार अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात ऊर्जेचा स्रोत थांबत नाही.

[दृश्य : एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवावरून उसळणारे फवारे]

शनीचा चंद्र एन्सेलाडस. व्यास सुमारे ५०० किलोमीटर, पृष्ठभाग उणे २०० अंश, वर बर्फाचं कवच. कॅसिनी यान गेलं तेव्हा तो मेलेला गोळा असेल असं अनेकांना वाटत होतं. २००५ मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांमधून बर्फाचे आणि वाफेचे फवारे उसळताना दिसले. बर्फाखाली खारा समुद्र आहे आणि त्याचा तळ खडकाचा आहे. शनीच्या ओढाताणीने हा चंद्र आतून गरम राहतो, म्हणून ते पाणी गोठत नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅसिनीने पृष्ठभागापासून अवघ्या ४९ किलोमीटरवरून फवाऱ्यातून झेप घेतली. त्यात हायड्रोजन वायू आढळला. लॉस्ट सिटीत खडक आणि पाण्यापासून निघतो तोच. फवाऱ्यांतून बाहेर पडलेल्या कणांत सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्यही मिळालं होतं, जे गरम पाण्याने खडक झिजवल्याशिवाय बनणं अवघड. २०२३ मध्ये जुन्याच नोंदी पुन्हा तपासताना डीएनएच्या सांगाड्यात लागणारं फॉस्फेटही सापडलं. तोवर यान राहिलेलं नव्हतं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याला शनीच्या वातावरणात जाळून टाकलं होतं, शनीच्या चंद्रांवर पृथ्वीवरचा एखादा जंतू चुकूनही जाऊ नये म्हणून. ती काळजी घेतली गेली, याचं मला फार मोल वाटतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल आणि युरोपा या चंद्राजवळून वारंवार जाईल. त्याच्या बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं, असा अंदाज आहे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या तज्ज्ञांनी पुढच्या मोठ्या मोहिमेसाठी एन्सेलाडसचं नाव सुचवलं आहे. ती २०४० च्या दशकात निघेल, अशी योजना आहे. तिथला बर्फ हाती आला, की अमिनो आम्लं आहेत का एवढंच पाहून भागणार नाही. ती बेन्नूवरही होती. डावी किती आणि उजवी किती, हे मोजावं लागेल.