बॅग उलटून मारत नाही

(वेंगुर्ल्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पुनरागमनाचे बारा आठवडे’. त्या बारा आठवड्यांकडे मी येतोच आहे, काळजी नसावी. पण आधी एका माणसाला बाजूला सारल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही. बॉक्सिंग सोडून चार-पाच वर्षं झालेल्या कुठल्याही गड्याला पुन्हा ग्लोव्हज चढवायची हुक्की आली की तो याच माणसाचं नाव घेतो. जॉर्ज फोरमन, अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर! ‘तो पंचेचाळिसाव्या वर्षी विश्वविजेता झाला, मी तर अजून पस्तिशीत आहे.’ पुढे ‘माका सगळा जमता’ हे आलंच.

फोरमन पंचेचाळिसाव्या वर्षी जिंकला, हे खरं आहे. ५ नोव्हेंबर १९९४, समोर मायकल मूरर, दहावी फेरी. नऊ फेऱ्या गुणांवर मागे असलेल्या माणसाने एका उजव्या ठोशात सामना संपवला. स्टेटसला टाकतात ती चित्रफीत एवढीच असते. आता त्याच्या आधीचं बघा. मार्च १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर फोरमनने ग्लोव्हज उतरवले आणि तो धर्मोपदेशक झाला. परतला ९ मार्च १९८७ ला, सॅक्रामेंटोमध्ये. त्या दिवशी वजन २६७ पौंड, म्हणजे १२१ किलो. १९७४ साली किन्शासात अलीसमोर उभा राहिला तेव्हाचा फोरमन यापेक्षा वीसेक किलोंनी हलका होता. बरं, समोर कोण? स्टीव्ह झूस्की. या सभागृहात कुणी ऐकलंय हे नाव? नाही ना? ऐकलेलं नसावं म्हणूनच तर निवडला होता! वर्तमानपत्रांनी टर उडवली, जाड्या म्हाताऱ्याला लुटुपुटूचे गडी देतात म्हणाले. त्याने हसून घेतलं आणि १९८८ या एका वर्षात नऊ लढती केल्या. सलग चोवीस जिंकल्यावर, एप्रिल १९९१ मध्ये, तो तेव्हाचा विश्वविजेता होलीफिल्ड याच्यासमोर उभा राहिला आणि बारा फेऱ्या टिकून गुणांवर हरला. मूररची लढत परतीनंतरची तिसावी होती. तिसावी! दहा वर्षं बंद पडलेला माणूस साडेसात वर्षं आणि एकोणतीस लढती खर्चून तिथवर पोचला होता. आपल्या पस्तिशीच्या गड्याला दिवाळीनंतर सुरुवात करून शिमग्याच्या आधी उतरायचं असतं.

फोरमनला पटकन कळलेली गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही. खंड पडला की बॉक्सरचं सगळं एकदम जात नाही. जे जातं ते ठरावीक क्रमाने जातं, आणि परत येताना तोच क्रम राहत नाही. सगळी फसगत होते ती इथेच.

पहिल्यांदा जातो दम. सराव बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग कमी होतो. प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त फेकतं, म्हणून तेवढ्याच कामाला नाडी जास्त धावते. सुखाची बाब अशी की नियमाने पळायला लागलात तर दमच सगळ्यात लवकर परत येतो. ताकद उशिरा जाते, आणि एकदा कमावलेला स्नायू नव्या स्नायूपेक्षा लवकर भरतो. ठोशातला जोर तर फारसा जातच नाही. पाय, कंबर, खांदा यांची साखळी शरीर विसरत नाही. म्हणजे सहाव्या आठवड्यात चित्र असं दिसतं: गडी पळतोय, घाम निथळतोय, छताला टांगलेल्या सरावाच्या बॅगेवर धाड धाड वाजतंय, छताचा हूक करकरतोय. बघणारे म्हणतात, आला रे आला, जुना वाघ आला. त्याला स्वतःलाही तसंच वाटतं.

आणि बॅग, मंडळी, सराईत खोटारडी आहे. ती उलटून मारत नाही, तुमच्या डाव्या बाजूला सरकत नाही, हूल देत नाही. खंडात खरं हरवतं ते अंतर आणि नजर. समोरच्याचा ठोसा निघाल्यावर तो बघून चुकवायला वेळच नसतो. त्याचा खांदा, पुढचा पाय, कोपराचा कोन यांवरून ठोसा निघायच्या आधी तो वाचावा लागतो. हे वाचन जिवंत माणसासमोरच शिकता येतं, आणि विसरल्यावर परतही तिथेच मिळतं.

खंडानंतर आलेल्या गड्याचा डावा हात नीट बघा, पोरांनो. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जातो झकास. परत येताना मात्र तो हनुवटीशी न येता छातीशी येतो आणि तिथेच रेंगाळतो. बॅगेसमोर ही सवय लागते, कारण छातीशी ठेवलेल्या हाताची शिक्षा बॅग देत नाही. त्यातच अंतराचा अंदाज चार बोटं चुकलेला असतो. जॅब कमी पडतो, म्हणून गडी पाऊल टाकायच्या ऐवजी कमरेतून पुढे झुकतो. झुकला की डोकं पुढच्या गुडघ्याच्या पुढे जातं, आणि समोरच्याचा उजवा हात नेमका तिथेच उतरतो. पाहणारे म्हणतात ‘दम कमी पडला’. दम नव्हे, चार बोटं कमी पडली!

याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. १९ मार्च २०२१, पणजी, मांडवीतल्या कॅसिनो बोटीच्या गच्चीवर रिंग. विजेंदर सिंग, ऑलिम्पिक पदकवाला, व्यावसायिक झाल्यापासून बारापैकी बारा जिंकलेला. आधीची लढत नोव्हेंबर २०१९ ची. मधल्या सोळा महिन्यांत टाळेबंदी. समोर सहा फूट चार इंचांचा रशियन, आर्तिश लोपसान. विजेंदर सहा फुटांच्या आसपास. पाचव्या फेरीत पंचांनी सामना थांबवला आणि विजेंदर व्यावसायिक रिंगमध्ये पहिल्यांदा हरला. काहींनी खापर बोटीवर फोडलं, ती हलते म्हणून. अहो, ती मांडवीत नांगरलेली बोट, देवगडच्या समुद्रातला ट्रॉलर नव्हे! सोळा महिन्यांनी परतणाऱ्याने आपल्यापेक्षा लांब हाताचा गडी पहिलाच घ्यावा का, हा खरा प्रश्न. अंतर हेच हरवलेलं असताना अंतराचीच परीक्षा कशाला? ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला तो घानाच्या एलियासू सुलेला दुसऱ्या फेरीत हरवून परतला.

अलीचंही असंच. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं सैन्यभरती नाकारल्यामुळे गेली. परतला तो जेरी क्वारीसमोर, भुवईच्या जखमेमुळे तीन फेऱ्यांत आटोपलं. सहा आठवड्यांनी बोनावेना, पूर्ण पंधराव्या फेरीपर्यंत. आणि ८ मार्च १९७१ ला थेट विश्वविजेता फ्रेझर, तिथे हरला. साडेचार महिन्यांत तीन लढती. पूर्वीचा अली ठोसे पायांनी चुकवायचा. परतलेला अली दोरांना टेकून ते अंगावर घेऊ लागला आणि पुढची दहा वर्षं घेतच राहिला. ‘अलीला जमलं’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

उलट शुगर रे लेनर्ड बघा. १९८२ मध्ये डोळ्याचा पडदा सुटला. १९८४ मध्ये एक लढत केली, त्यातही कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पडला. मग थेट एप्रिल १९८७ मध्ये विश्वविजेता हॅग्लर, आणि जिंकला! पण करारातच त्याने पंधराच्या बारा फेऱ्या करून घेतल्या, रिंग मोठी घेतली, ग्लोव्हज दहा औंसांचे घेतले. स्वतःच्या पायांना जागा आणि हॅग्लरच्या ठोशाला गादी. परतणाऱ्याने अटी घालायला लाजू नये. मेरी कोमचं नाव मी खास इथल्या आयांसाठी घेतो: २००७ मध्ये जुळी मुलं, २००८ मध्ये पुन्हा जागतिक सुवर्ण, २०१३ मध्ये तिसरं मूल, २०१४ मध्ये इंचॉनला आशियाई सुवर्ण. ‘लग्न झालं, आता कसलं बॉक्सिंग’ म्हणणाऱ्या सासरच्यांना हे आकडे पाठ करून ऐकवा.

किनाऱ्यावरचे काही त्रास मात्र आपले स्वतःचे आहेत, ते पुस्तकात सापडायचे नाहीत. आपला गडी बोटीवर जातो, ऑगस्ट ते मे समुद्रावर असतो, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून नेमका त्याच दोन महिन्यांत जिममध्ये उगवतो. जाळी ओढून पाठ आणि पकड भक्कम, पण पाय फाकवून तोल सांभाळायची सवय; पुढे-मागे सरकायचं पाय विसरलेले. त्याला डंबेल्स देऊ नका, दोरी द्या. पावसात ग्लोव्हज वाळत नाहीत, आत बुरशी धरते, बोटांच्या बेचक्यात चिरा पडतात. रोज वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली टांगा. हाताच्या पट्ट्यांचे तीन जोड ठेवा. गोणपाटात वाळू भरलेली बॅग दमट हवेत तळाला दगडासारखी बसते. खालचा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, तिथे बसला की करंगळीमागचं हाड मोडतं. फाटके कपडे दाबून भरा, वाळू हवीच तर मधोमध छोट्या पिशवीत.

आणि तो रेनकोट! वजन उतरवायला रेनकोट घालून भर दुपारी वाळूत पळणारे महाभाग आजही दिसतात. आपल्या हवेत आधीच घाम उडून जात नाही, तो नुसता गळतो, म्हणजे अंग थंड होत नाही. त्यावर प्लॅस्टिक चढवलंत की ताप मेंदूपर्यंत जातो. उतरलेलं असतं ते पाणी, चरबी नव्हे. मेंदू कोरडा ठेवून डोक्यावर मार खाणं हा तर आत्मघात. कोरडी भुसभुशीत वाळूही नको, टाचेमागची शीर धरते. ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट पट्टीवर पळा. किनाऱ्याला उतार असतो, म्हणून जितकं जाल तितकंच उलट या, नाहीतर एकाच गुडघ्यावर भार पडतो.

चिठ्ठी आली. दशावताराची मंडळी पेटारे घेऊन बाहेर उभी आहेत, त्यांना आठला रंगमंच हवाय. दशावतारापुढे माझी काय टाप! बारा आठवडे आता धावत.

शून्याव्या आठवड्यात डॉक्टर. डोळ्याचा पडदा तपासायचा, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विषय तिथेच बंद. पस्तिशी ओलांडली असेल किंवा पूर्वी बेशुद्ध पडला असाल तर मेंदूचं स्कॅनिंगही. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, त्याच्या कवचाकडच्या शिरा ताणल्या जातात, आणि रिंगमधले बहुतेक मृत्यू त्या शिरांच्या रक्तस्रावाने होतात.

पहिले चार आठवडे: दिवसाआड वीस मिनिटं पळणं, दोरी दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, आरशासमोर शॅडो, म्हणजे हवेत ठोसे, चार फेऱ्या. मानेला चारही बाजूंनी तळहाताचा विरोध, दहा-दहा सेकंद, पाच वेळा. मान ढिली असेल तर डोकं जास्त हलतं. बॅग तिसऱ्या आठवड्यापासून, हाताला साडेचार मीटरची पट्टी बांधून, सोळा औंसांच्या ग्लोव्हजनी, निम्म्या जोराने. स्नायू तयार झाला तरी त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे असतात, म्हणून घाई नको. वजन आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो उतरवा. सरावाआधी आणि नंतर काट्यावर उभे राहा. एक किलो घटलं तर दीड लिटर पाणी थोडं थोडं करून. मीठ घातलेली पेज उत्तम, महागडी पावडर हवीच असं नाही.

पाचवा ते आठवा: पॅड्स, म्हणजे जोडीदाराच्या हातातल्या गाद्यांवर ठोसे, आणि रोज चार फेऱ्या नुसता बचाव. जोडीदाराने फक्त जॅब टाकायचा, तुम्ही एकही ठोसा मारायचा नाही. कंटाळा येतो, पण चार बोटं इथेच परत येतात. मग स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, पण फक्त पोटावरची. इंग्लंडचा बॉक्सर रिकी हॅटन २०१२ मध्ये साडेतीन वर्षांनी परतला आणि सेन्चेन्कोच्या पोटावरच्या एका ठोशाने नवव्या फेरीत बसला. पोटालाही मार ओळखीचा करून द्यावा लागतो.

नववा ते बारावा: खुलं स्पॅरिंग, आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन-तीन दिवसांची फट. सोळा औंस, हेडगार्ड, तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. जोडीदार तुमच्यापेक्षा हलका पण चलाख. मोबाइलवर चित्रण करा आणि आपण मारलेले ठोसे सोडून खाल्लेले जॅब मोजा. तिसऱ्या फेरीतला आकडा पहिलीच्या दुपटीवर गेला तर तारीख पुढे ढकला, पोस्टर छापलेलं असलं तरी. शेवटचं जोरदार स्पॅरिंग लढतीच्या आठ-दहा दिवस आधी.

पहिला प्रतिस्पर्धी तुमच्याच उंचीचा, उजवखोरा, आणि ठोशापेक्षा पायाने खेळणारा. डावखोरा तिसऱ्या-चौथ्या लढतीला. डोक्याच्या मारामुळे पंचांनी लढत थांबवली तर किमान ३० दिवस रिंग बंद आणि स्पॅरिंगही बंद. बेशुद्ध पडलात तर त्याहून जास्त. लढतीच्या रात्री डोकेदुखी वाढत गेली, ओकारी आली किंवा बोलणं अडखळलं, तर झोपू द्यायचं नाही आणि मलमही चोळत बसायचं नाही, गाडी काढायची. सीटी स्कॅनची सोय आपल्या गावापासून किती मिनिटांवर आहे आणि रात्री चालू असते का, हे लढत ठरवायच्या आधी विचारून ठेवा. प्रश्न असतील त्यांनी बाहेर पायरीवर थांबा, पेटारे आत येऊ देत.