आधी मीठ वाढायला द्या

[दृश्य: गोवा, फोंडा तालुका. देवळामागची भोजनशाळा. केळीच्या पानांवर पाणी शिंपडले जात आहे.]

समाराधनेची, म्हणजे देवळातल्या सामुदायिक जेवणाची, पहिली पंगत बसायला थोडाच वेळ राहिला आहे. पाने मांडून झाली. टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, रुंद बाजू उजवीकडे. आत भात निथळला आहे, खतखते (मिश्र भाज्यांचा रस्सा) आणि मूगगाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ) झाकून ठेवल्या आहेत. पण पानावर सगळ्यात आधी येते ते मीठ. आज मीठ वाढणार आहे सहा वर्षांचा एक मुलगा.

"शहाण्यासारखा वाग हं" असे त्याला कोणी सांगितलेले नाही. असल्या सांगण्यातून सहा वर्षांच्या मुलाला नेमके काय करायचे ते कळतच नाही. त्याला एक वाटी दिली आहे, तीही अर्धीच भरलेली, आणि एक लहान चमचा. पानाच्या वरच्या कडेला, मधोमध, चिमूटभर मीठ. चमचा पानापासून दोन बोटे वर. वाढताना वाकायचे, उभ्यानेच टाकायचे नाही. एक पान झाले की लगेच शेजारचे. ओळखीचा दिसला म्हणून मधली पाने सोडून पुढे पळायचे नाही.

[दृश्य: वाटीचा, मग मुलाच्या चेहऱ्याचा क्लोजअप. तो वाकतो, वाढतो, सरकतो.]

वाटी अर्धी का, ते इथे दिसेल. वाटी काठोकाठ भरली की मुलाचे सगळे लक्ष वाटीवर जाते. सांडेल या धास्तीने तो समोरच्या माणसाकडे बघतच नाही. अर्ध्या वाटीमुळे मान वर करायला सवड मिळते. पानावर बसलेल्या आजीकडे पाहून वाढायचे, हा यातला खरा धडा. मीठ हे निमित्त.

मीठच का, तर ते गरम नाही, सांडले तर डाग पडत नाही, आणि थोडे कमीजास्त पडले तर कोणाचे जेवण बिघडत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मीठ आणि लिंबाची फोड. सात-आठ वर्षांच्यांना लोणचे आणि पापड. पापड मोडतो, म्हणून हात आपोआप हळू होतो. नऊ-दहाच्या मुलांना पाण्याचा जग, पण पेला उचलून न भरता जागच्या जागी, पाऊणच भरायचा. भाताची परात आणि खतखत्याची बालदी बारा-तेराच्या पुढे, आणि तीही दोघांनी मिळून. वाफाळते वरण मोठ्यांनीच वाढावे. हौसेपायी ते लहान मुलांच्या हाती देणारी माणसे प्रत्येक उत्सवात सापडतात. मूल भाजते, आणि पुढची दोन वर्षे त्याला पंगतीत कोणी येऊ देत नाही.

[दृश्य: घरची ओसरी. वर्तमानपत्राची पाने मांडली आहेत. मुले वाढण्याची तालीम करताहेत.]

ही तालीम देवळात होत नाही, आधी घरी होते. ओसरीवर वर्तमानपत्राची आठ पाने, वाटीत मिठाऐवजी तांदूळ. संध्याकाळी दहा मिनिटे, तीन-चार दिवस. एकदा मुलगा वाढतो आणि वडील पानावर बसतात, मग उलट. ही अदलाबदल टाळू नये. आपल्या पानाला चमचा टेकला किंवा आपले पानच चुकून सुटले तर काय वाटते, ते पानावर बसल्यावरच समजते. समोरच्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळे काही चालू असू शकते, हे मुलांना साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास उमगू लागते. त्याआधी "त्यांना वाईट वाटेल ना" हे समजावणे बहुतेक वाया जाते. तीन वर्षांच्या मुलाला कारण नको, नुसती कृती पुरते: दोन्ही हातांनी दे, दिलेस की थांब.

पानावर बसायचीही तालीम हवी, आणि ती वाढण्याहून अवघड आहे. सगळ्यांना वाढून होईपर्यंत, श्लोक म्हणून होईपर्यंत अन्नाला हात लावायचा नाही. मोठ्या पंगतीत यात पंधरा मिनिटे सहज जातात. सकाळपासून उपाशी ठेवलेले पाच वर्षांचे मूल हे करू शकणार नाही, आणि तो त्याचा उद्धटपणाही नाही. जाणत्या आया तासभर आधी मुलाला केळे किंवा अर्धी पोळी देतात.

[दृश्य: वाढपी पुढे येतो. मुलगी पानावर हात आडवा धरते.]

आता ही मुलगी बघा. खतखते आले, तिने उजवा हात पानावर आडवा धरला आणि म्हणाली, "पुरे काका." वाढप्याने आग्रह केला. ती पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हणाली, "पुरे काका." तिला शिकवलेले तीनच पर्याय आहेत: "पुरे", "अगदी थोडे" आणि "मला नको". "शी, हे काय आहे" हा त्यात नाही. न आवडणारा पदार्थ पहिल्यांदा चमचाभर घ्यायचा, ही घरातली अट. दुसऱ्यांदा नाही म्हणायची पूर्ण मुभा. सक्ती केली की मूल पानात टाकायला शिकते, आणि पानात टाकणे हा पंगतीतला मोठाच गुन्हा.

चूक होतेच. त्या कोपऱ्यातल्या मुलाने आत्ता एका आजोबांचे पान ओलांडले. त्याची मावशी लांबून ओरडली नाही. जवळ गेली, खाली बसली, कानात एकच वाक्य बोलली: "पानाच्या मागून जा." "ओलांडू नको" म्हटले असते तर मुलाला काय करायचे नाही एवढेच कळले असते, कुठून जायचे ते कळले नसते. आणि चारचौघांत झापले असते तर त्याच्या लक्षात राहिली असती ती फजिती, पान नव्हे. "थँक्यू म्हण. म्हण ना. किती वेळा सांगितलं तुला" हा प्रयोग तर लग्नकार्यात जागोजागी लागलेला असतो. मूल आईच्या पदराआड तोंड लपवते, पाहुणा अवघडतो, आई चिडते, आणि तिघांपैकी कोणीच काही शिकत नाही. त्या वेळी आईने स्वतः आभार मानावेत आणि विषय सोडावा. तालीम घरी गेल्यावर.

शाबासकीही नेमकी हवी. "गुड बॉय" ऐकून मुलाला आपण काय चांगले केले ते समजत नाही. "त्या आजींना वाकता येत नव्हते, तू लिंबू त्यांच्या हाताजवळ ठेवलेस", हे समजते.

[दृश्य: लग्नाचा हॉल. बुफेची रांग. हातात ताटल्या, कानाला फोन.]

आणि हा बुफे. इथे मुलाला काम नाही, कोणाची वाट बघायची नाही, कोणाला विचारायचे नाही. ताटली भरा, खुर्ची पकडा, फोन काढा. हॉलवाल्यांना सोयीचे आहे हे खरे. पण मोठ्यांनाच रांगेत कोपर मारून पुढे जाताना पाहिल्यावर मुलांकडून कशाची अपेक्षा करायची? निदान एखादे टेबल तरी पानाचे ठेवा, आणि तिथे मीठ-लिंबू मुलांना वाढू द्या.

[दृश्य: सकाळ. सायकलचा भोंगा. निळ्या प्लास्टिकखाली पावांची टोपली.]

रोजच्या सरावासाठी उत्सवाची वाट बघायला नको. गोव्यात तो सराव सायकलवरून दारात येतो. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याला फाटकापर्यंत पाठवता येते. मोठ्याने पायरीवरून लक्ष ठेवावे, बोलू नये. गॅलरीतून हाक मारायची नाही, खाली जायचे. आधी नमस्कार किंवा नुसते हसणे. मग किती पाव, किती पोळ्या (कोंड्याचे पाव) ते सांगायचे. पैसे टोपलीवर टाकायचे नाहीत, हातात द्यायचे. सुटे पैसे घेऊन "देव बरे करो" म्हणत आभार मानायचे आणि मग परत. मिनिटभराचे काम. बिघडते ते बहुधा एकाच ठिकाणी: मूल हे सगळे शिकत असते आणि वरून घरातला मोठा ओरडतो, "ए, कालचे पाव कडक होते रे!" दुसऱ्या दिवशी मुलाच्या तोंडी तोच "ए" असतो. १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले होते. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी नुसते मारणेच नाही, तर त्याच्या तोंडचे शब्दही उचलले.

[दृश्य: तिन्हीसांज. तुळशीपुढे दिवा. मुले पाय धुऊन घरात येतात. पलीकडच्या घरी मुले वडीलधाऱ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात.]

दिवेलागणीला पाय धुणे, शुभं करोति, मोठ्यांना नमस्कार. शेजारच्या ख्रिस्ती घरात आंजेलूस या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बेसांव. या पाच मिनिटांत फोन उंबऱ्याजवळच्या फळीवर राहतात, मोठ्यांचेही. मोठ्यांचे राहिले नाहीत तर मुलांचे फार दिवस राहत नाहीत. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत पाहुणे सारखे येत असतात, तेव्हा हीच सवय कामी येते: पाहुणा आला की उठायचे, फोन पालथा, पाणी आणून द्यायचे, मग हवे तर आत जायचे. घुम्या मुलाला गप्पा मारायला बसवू नये. पाणी दिले की त्याचा मान राखून त्याला जाऊ द्यावे.

[दृश्य: रायबंदरचा धक्का. चोडणहून फेरीबोट टेकते. दुचाकींची गर्दी, हॉर्न.]

घराबाहेरचे जग हे असे आहे. फेरीबोट अजून धक्क्याला नीट टेकलेली नाही, पण इंजिने सुरू झाली. रॅम्प खाली येण्याआधीच मागून हॉर्न. पायी उतरणाऱ्या बाईला वाट द्यायला कोणी थांबत नाही. स्कूटरवर पुढे उभी असलेली ती चार वर्षांची मुलगी हे सगळे हँडलच्या उंचीवरून बघते आहे.

उद्धटपणा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, याची नोंद झालेली आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटाघाटींचा सराव करणाऱ्या ९० पदव्युत्तर विद्यार्थ्यांत ज्याला आधीचा जोडीदार उद्धट वाटला होता, तो पुढच्या जोडीदाराला उद्धट वाटण्याची शक्यता वाढली. मधे दिवस गेले तरीही. रॅम्पवर हॉर्न ऐकलेला माणूस पुढच्या चौकात हॉर्न वाजवतो, त्यातलेच हे.

म्हणून मुलाला दुसरी एक तालीम लागते, आणि ती बहुतेक घरांत होतच नाही: समोरचा वाईट वागला तर काय करायचे. रांगेत कोणी घुसले तर एकदाच, स्पष्ट आवाजात, "काका, रांग इथून आहे." ऐकले नाही तर वाद घालायचा नाही, सोबतच्या मोठ्याला सांगायचे. बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, कोणी चिडवले तर "मला हे आवडत नाही" म्हणून जागा बदलायची. खिडकीतून वेफर्सचे पाकीट टाकणाऱ्याला "पिशवीत टाक" म्हणून आपली पिशवी पुढे करायची. ही वाक्ये पाठ असावी लागतात. ऐन वेळी सुचत नाहीत, मोठ्यांनाही नाही. घरी वडिलांनी रांगेत घुसणारा काका व्हावे. मुले हा खेळ आवडीने खेळतात, वडिलांचे काम त्यांना जरा जास्तच आवडते.

एका ठिकाणी मात्र नम्रता बाजूला ठेवायची. अनोळखी माणूस चल म्हणाला, किंवा ओळखीच्याने जरी नकोसा हात लावला, तर "काका", "प्लीज" काही नाही. मोठ्याने "नाही", आणि तिथून पळायचे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर पाठ करून घ्या. पापा दे, मांडीवर बस, असा पाहुण्यांचा आग्रह मुलाला नको असेल तर तो मोडायचा हक्क घरातच द्यावा. नमस्कार पुरे.

[दृश्य: किनारा. वाळूत बाटल्या. मागे मुले शंख वेचताहेत.]

किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे आणि स्वयंपाक करणे यांवर गोव्यात २०१९ पासून दंड आहे. बाटल्या अजून दिसतात, आणि शंख वेचणारी मुले त्याही बघतात.

[दृश्य: पुन्हा रायबंदरचा धक्का. स्कूटर बंद करून थांबलेले एक वडील.]

मोठ्यांकडूनही चुकते. रॅम्पवर आपणच हॉर्न वाजवला आणि मूल पुढे उभे आहे, तर पलीकडे उतरल्यावर त्याला दोन वाक्ये सांगावीत: "मी मघाशी घाई केली. त्या मावशींना आधी उतरू द्यायला हवे होते." कारणे देऊ नयेत, उशीर झाला होता वगैरे. कारण ऐकले की मूल तेवढेच उचलते. उद्याच्या फेरीला काय करायचे तेही त्यालाच सांगून ठेवावे: पायी उतरणारे सगळे रॅम्पच्या पुढे गेले की त्याने बाबांच्या हातावर टिचकी मारायची, आणि टिचकी बसल्यावरच किल्ली फिरवायची.