लाइफटाइम ऐकावा तो चोरट्या टेपवर

मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय ‘ड्रमरने चालवलेला बँड कसा ऐकावा’ असा छापला आहे आणि त्यासाठी मी अमेरिकन जाझ ड्रमर टोनी विल्यम्स यांचा ‘लाइफटाइम’ हा बँड निवडला आहे. माझे प्रतिपादन असे की, 1969 आणि 1970 या दोन वर्षांतला लाइफटाइम समजून घ्यायचा असेल, तर कंपनीने काढलेल्या तबकड्यांपेक्षा श्रोत्यांतल्या कुणी परवानगीवाचून केलेल्या कार्यक्रमांच्या टेपांवर काकणभर अधिक भरवसा ठेवावा. या टेपांचा आवाज खराब असतो, हे मला मान्य आहे. ऐकणाऱ्याने थोडे कष्ट घेतले, तर त्या खराब आवाजातही बँडची रचना स्पष्ट सापडते.

प्रथम त्या माणसाविषयी बोलायला हवे. टोनी विल्यम्स यांचा जन्म 1945 चा, शिकागोचा. वाढले ते बॉस्टनमध्ये. सॅक्सोफोनवादक जॅकी मक्लीन यांच्यामुळे ते न्यूयॉर्कला आले आणि 1963 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या जाझ संचात दाखल झाले. मद्य मिळणाऱ्या क्लबांत बसण्याचेही त्यांचे वय नव्हते आणि तिथे ते अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या संचाचा ताल सांभाळत होते. तालवाद्य हे साथीपुरतेच असते, ही समजूत या मुलाने माइल्स यांच्याकडच्या सहा वर्षांत मोडीत काढली. सभागृहात तबल्याची माणसे बरीच दिसत आहेत, त्यांना हे वाक्य आवडले असेल आणि ते त्यांच्यासाठीच आहे.

आता मला अतिशय प्रिय असलेली हकिकत सांगतो. 1968 च्या अखेरीस ड्रमर जॅक डीजॉनेट लंडनमध्ये असताना जॉन मॅक्लॉफ्लिन नावाच्या एका इंग्लिश गिटारवादकाबरोबर सहज वाजवायला बसले आणि ते वादन त्यांनी टेपवर घेतले. ती टेप न्यूयॉर्कला टोनी यांच्या कानी पडली. स्वतःचा बँड काढण्याच्या विचारात असलेल्या टोनी यांनी त्या गिटारवाल्याला बोलावून घेतले आणि फेब्रुवारी 1969 मध्ये मॅक्लॉफ्लिन न्यूयॉर्कला उतरले. उतरल्यावर लगेचच ते माइल्स यांच्या ‘इन अ सायलेंट वे’ या तबकडीच्या ध्वनिमुद्रणात बसले, हा भाग प्रसिद्ध आहे. पुढे हेच मॅक्लॉफ्लिन मुंबईच्या झाकिर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ या संचात वाजवताना आपल्याला भेटले. या सगळ्या प्रवासाच्या मुळाशी एक खासगी, विक्रीसाठी न केलेली टेप आहे, हे मी जाईन तिथे सांगतो, कारण टेपांना कमी लेखणारी मंडळी ही गोष्ट विसरतात. एका ड्रमरने केलेली टेप दुसऱ्या ड्रमरने ऐकली आणि बँड उभा राहिला.

तिसरे वादक लॅरी यंग. ते हॅमंड हा विजेवर चालणारा ऑर्गन वाजवत आणि बँडात स्वतंत्र बासवादक नसल्यामुळे खर्जाची बाजू डाव्या हाताने आणि पायपट्ट्यांनी तेच सांभाळत. 1970 मध्ये ‘क्रीम’ या इंग्लिश रॉक बँडचे बासवादक जॅक ब्रूस येऊन मिळाले, तेव्हा ही रचना बदलली. पण मूळ त्रिकुटात खर्जाच्या प्रदेशात दोनच रहिवासी होते: लॅरी यंग यांचा पाय आणि टोनी यांचा बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल.

माझे गाऱ्हाणे इथून सुरू होते. मे 1969 मध्ये या त्रिकुटाची ‘इमर्जन्सी!’ ही जोड-तबकडी ध्वनिमुद्रित झाली. मुद्रणाच्या वेळी आवाजाची पातळी उपकरणांना झेपेल त्यापलीकडे गेली आणि सर्वत्र एक फाटका, खरखरीत थर बसला. काही रसिकांना तोच थर रांगडा आणि म्हणून मोलाचा वाटतो. मला वाईट वाटते, कारण तो थर सर्वाधिक दाटतो तो नेमका खर्जात, म्हणजे जिथे पाय आणि ढोल यांचे संभाषण चाललेले असते तिथेच. टोनी डाव्या पायाने हाय-हॅट ही झांजांची जोडी चारही मात्रांवर मिटत राहतात, उजवा हात राइड सिंबल या मोठ्या झांजेवर वेगळाच विचार मांडत असतो आणि त्याखाली बास ड्रम ऑर्गनच्या खर्जाला प्रश्न विचारतो. तबकडीवर पहिल्या दोन गोष्टी ऐकू येतात, तिसरी चिखलात रुतते. रॉकचा मोठा श्रोतृवर्ग या बँडला त्याच्या हयातीत लाभायला हवा होता. त्या श्रोत्यांपुढे बँडचे पहिले पाऊल पडले ते असे, आणि या तबकडीवर टोनी स्वतः गायले त्या गायनावर तुटून पडलेल्या समीक्षकांनी या दोषाबद्दल त्या मानाने फारच थोडे लिहिले.

आपल्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व यांच्या खासगी बैठकींच्या टेपा रसिकांच्या घराघरांतून फिरत आल्या आणि तीन मिनिटांच्या तबकडीत न मावलेला गायक त्या टेपांनी जपला. लाइफटाइमच्या बाबतीत ते काम श्रोत्यांच्या टेपांनी केले.

व्यासपीठावर चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत, तेव्हा मुख्य मुद्दा आता झपाट्याने मांडतो.

स्टुडिओत प्रत्येक वाद्य टेपच्या वेगळ्या पट्ट्यावर (ट्रॅकवर) घेतले जाते आणि ड्रम किती पुढे, किती मागे हे नंतर तंत्रज्ञ ठरवतो. त्या काळच्या लहान क्लबांत ड्रमला बहुधा मायक्रोफोन नसेच. गिटार आणि ऑर्गन ॲम्प्लिफायरमधून गर्जत असताना ड्रमचा तोल वादकाचे मनगट आणि घोटा यांवरच राही. श्रोत्याच्या टेपवर येतो तो हा तोल, म्हणजे बँडप्रमुखाचा स्वतःचा निर्णय.

दुसरे, अनेक छोट्या टेपरेकॉर्डरांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी योजना असते. मोठा ठोका पडला की यंत्र सगळाच आवाज खाली ओढते आणि क्षणभराने वर आणते. अशा टेपवर प्रत्येक जबर ठोक्यानंतर गिटार आणि ऑर्गन दबतात व पुन्हा उसळतात. शास्त्रदृष्ट्या हा दोषच आहे. तरीही कोणाच्या हालचालीने बाकीचे मागे सरकतात आणि कोणामुळे त्यांना जागा मिळते, हे त्या दोषामुळे ठळकपणे कानावर येते.

तिसरा मुद्दा वेगाचा आहे. अशा टेपा बऱ्याचदा चुकीच्या वेगाने उतरवलेल्या असतात आणि मग लयीविषयीचे आपले सगळे निष्कर्ष फसतात. हॅमंड ऑर्गन इथे मदतीला येतो. त्याची स्वरचक्रे फिरवणारी मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते, म्हणून त्याचा स्वर वादकाला खालीवर करता येत नाही. अमेरिकेतल्या टेपवर विजेची गुणगुण 60 ऐवजी 62 हर्ट्झला सापडली, तर टेप तीन टक्क्यांहून थोडी अधिक वेगाने, म्हणजे सुमारे अर्ध्या अर्धस्वराने चढी चालली आहे. इंग्लंडातल्या टेपसाठी हाच हिशेब 50 पासून करावा. वेग उतरवला की ऑर्गन सुरात बसतो, टॉमटॉम या छोट्या ढोलांचा गोळीबंद आवाज परत येतो आणि टोनी यांची खरी लय हाती लागते.

या टेपा छापून विकणाऱ्यांना एक पैसाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वादकांना त्यातून काही मिळाले नाही. लॅरी यंग 1978 मध्ये गेले, टोनी 1997 मध्ये. ज्यांच्याकडे अशा टेपा असतील, त्यांनी त्या न विकता, वेग दुरुस्त करून, तारीख व ठिकाण खात्रीचे असेल तरच लिहून अभ्यासकांना द्याव्यात. आणि ऐकणाऱ्यांनी पहिल्या खेपेला गिटारकडे लक्ष न देता केवळ बास ड्रम आणि ऑर्गनच्या पायपट्ट्या यांचा पाठलाग करावा.