भोवरा आणि वैमानिकाचे मोकळे हात

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात मुंबईला उतरणाऱ्या विमानात आपल्यापैकी जे कोणी बसले असतील, त्यांना हा अनुभव आठवेल. खिडकीबाहेर काही क्षणांत सगळे पांढरे होते, पंखाचे टोकही दिसेनासे होते, आणि विमान सरळ चालले आहे की एका अंगाला कलले आहे, हे आपल्याला सांगता येत नाही. नुसत्या अंगाच्या अंदाजाने ते वैमानिकालाही सांगता येत नाही. क्षितिज दिसेनासे झाले की कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय फसते, आणि हळूहळू वळत जाणाऱ्या विमानातला माणूस आपण सरळच चाललो आहोत असे अगदी खात्रीने मानतो. म्हणून त्याच्यासमोर एक पडदा असतो. वर निळे आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मधली रेघ म्हणजे क्षितिज. ही रेघ वैमानिकाला मिळवून देणाऱ्या स्पेरी या अमेरिकन कंपनीविषयी आज मला बोलायचे आहे.

आपण सर्वांनी भोवरा फिरवलेला आहे, त्यामुळे मूळ तत्त्व वेगळे समजावण्याची गरज नाही. थांबलेला भोवरा आडवा पडतो. फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे: फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही. जाता जाता सांगतो, लाकडी भोवरा आणि दोरी आपण मुलांच्या हातातून जाऊ देता कामा नये. यंत्रशास्त्राचा इतका स्वस्त आणि इतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

एल्मर स्पेरी यांचा जन्म 1860 चा, न्यूयॉर्क राज्यातला. पोलादी जहाजावर चुंबकाची सुई भरकटते, म्हणून त्यांनी भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे होकायंत्र बनवले आणि 1910 मध्ये ब्रुकलिन येथे आपली कंपनी स्थापन केली. पाण्यावर चालणारी ही युक्ती हवेत का चालू नये, हा प्रश्न त्यांच्या मुलाने, लॉरेन्सने, मनावर घेतला. त्याची गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे, आणि आज ती आपल्याला सविस्तर सांगणार आहे.

1914 च्या जून महिन्यात फ्रान्समध्ये सुरक्षित विमानासाठी स्पर्धा भरली होती. त्या काळी विमान म्हणजे लाकूड, कापड आणि तारा यांचा सांगाडा होता, आणि वैमानिकाने क्षणभर हात काढला तर विमान कोणत्या अंगाला कलेल याचा नेम नसे. अपघात इतके होत की, विमानाला आपला तोल आपणच सांभाळता येईल का, हा सर्वांपुढचा प्रश्न होता. 18 जून रोजी पॅरिसजवळ बझाँ येथे सीन नदीच्या काठी परीक्षक आणि प्रेक्षक जमले होते. लॉरेन्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याचे विमान कर्टिस कंपनीचे, पाण्यावरून उडणारे होते, आणि त्यात सुमारे 18 किलो वजनाची एक पेटी बसवलेली होती. त्या पेटीत चार भोवरे फिरत होते. सोबत एमिल काशाँ नावाचा फ्रेंच मेकॅनिक होता.

विमान उडाले, नदीच्या प्रवाहावरून परीक्षकांच्या समोर आले, आणि लॉरेन्सने आपले दोन्ही हात डोक्यावर उचलून धरले. काठावरच्या लोकांना ते स्वच्छ दिसत होते. नियंत्रणाच्या दांड्यावर कोणाचाही हात नव्हता, आणि विमान सरळ चालले होते.

दुसऱ्या फेरीत काशाँ आपल्या जागेवरून उठला आणि उजव्या पंखावर चढून पायापायाने बाहेरच्या बाजूला सरकत गेला. एका बाजूला अख्ख्या माणसाचे वजन गेल्यावर विमान कलणारच. तेही क्षणभर कलले. परंतु विमान कलले तरी आतला भोवरा कलला नाही, कारण फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही. विमान आणि भोवरा यांच्यात पडलेला तो फरक पेटीने ओळखला, पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्या तेवढ्याच मापाने फिरवल्या, आणि विमान पुन्हा सपाट झाले. लॉरेन्सचे हात अजूनही वरच होते.

तिसऱ्या फेरीत विमान समोर आले तेव्हा एका पंखावर काशाँ होता, दुसऱ्या पंखावर स्वतः लॉरेन्स होता, आणि वैमानिकाची जागा रिकामी होती. विमान त्या दोघांना घेऊन परीक्षकांच्या समोरून सरळ निघून गेले. पन्नास हजार फ्रँकचे बक्षीस लॉरेन्सला मिळाले. पुढच्याच महिन्यात युरोपात महायुद्ध पेटले.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण लॉरेन्सचे नाव घेतात आणि काशाँला नुसता ‘मेकॅनिक’ म्हणून सोडून देतात. हे मला मान्य नाही. पेटी कशी बनवली आहे हे लॉरेन्सला आतून ठाऊक होते. काशाँने मात्र दुसऱ्याच्या यंत्रावर विश्वास टाकून पंखावर पाऊल ठेवले. विमानाचे नट आवळणाऱ्या माणसांची नावे आपण विसरतो, ही आपली जुनी सवय आहे, आणि ती मोडायला हवी. म्हणून पुन्हा सांगतो: एमिल काशाँ.

लॉरेन्सला आयुष्य थोडे लाभले. डिसेंबर 1923 मध्ये इंग्लंडहून खाडी ओलांडताना त्याचे विमान समुद्रात उतरले आणि तो वाचला नाही. कंपनीचे काम मात्र पुढे गेले. 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी, बाहेरचे काहीही दिसू नये म्हणून पूर्ण झाकलेल्या जागेत बसून, केवळ उपकरणे पाहून विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. त्यांच्यासमोरचे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक भोवरा ही दोन्ही स्पेरींची उपकरणे होती. पुढच्या उघड्या जागेत बेन केल्सी हे दुसरे वैमानिक होते, आणि विमान आपण चालवत नाही हे खालच्या लोकांना दिसावे म्हणून त्यांनी आपले हात बाहेर धरले होते. पंधरा वर्षांनंतर पुन्हा तेच मोकळे हात.

आता आजच्या कॉकपिटकडे येतो. 1982 मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग 767 मध्ये गोल तबकड्यांपैकी बऱ्याच तबकड्यांची जागा रंगीत पडद्यांनी घेतली आणि तिसऱ्या माणसाची, म्हणजे फ्लाइट इंजिनिअरची, खुर्ची गेली. पडदे कॉलिन्स कंपनीचे होते, आणि फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर स्पेरीचा, अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरातून आलेला. वैमानिक निघण्यापूर्वी त्याला मार्ग, विमानाचे वजन आणि वाऱ्याचा अंदाज भरून देतो. कोठे चढायचे, कोठून उतरायला लागायचे आणि किती इंधन लागेल, हे तो हिशेब करून सांगतो, आणि आखलेला मार्ग नकाशाच्या पडद्यावर जांभळट गुलाबी रेघेने दाखवतो. विमानतळ आणि हवाईमार्ग यांची त्याच्यातील माहिती दर 28 दिवसांनी बदलावी लागते. भरलेली माहिती चुकली तर रेघही चुकते, म्हणून एकाने भरायचे आणि दुसऱ्याने वाचून ताडून पाहायचे, ही शिस्त प्रत्येक उड्डाणाला पाळावी लागते.

याच विमानात मुख्य यंत्रणेतला भोवरा नाहीसा झाला. हनीवेल कंपनीने तेथे लेझरचे उपकरण बसवले. त्यात प्रकाशाचे दोन किरण एकाच बंद वाटेने परस्परविरुद्ध दिशांनी धावतात आणि विमान वळले की त्यांच्यात पडणाऱ्या फरकावरून ते वळण मोजले जाते. 1986 मध्ये याच हनीवेलने स्पेरीचा विमान उपकरणांचा विभाग विकत घेतला.

तरीही पडदे विझले तर काहीतरी उरावे, म्हणून त्या 767 च्या फलकावर बॅटरीवर चालणारे एक लहान, सुटे कृत्रिम क्षितिज ठेवलेले होते. त्याच्या पोटात खराखुरा भोवरा होता, आणि वीज तुटली तरी तो काही वेळ फिरत राहत असे.

नमस्कार.