कूलर, कोराडी आणि मेकॅनिकल इंजिनिअर

(नागपुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रांनो, तुमच्या चिठ्ठ्या मी वाचल्या. निम्म्याहून जास्त जणांना डिझाइनमध्ये जायचंय. जरूर जा. पण आज मी मेंटेनन्सबद्दल बोलणार आहे. मेकॅनिकलच्या कितीतरी मुलांना पहिली नोकरी तिथेच मिळते आणि घरी सांगताना ती मुलं आवाज खाली करतात. मला ते पटत नाही. यंत्र खरं कळतं ते बिघडल्यावर, आणि ज्याला ते कळलं त्याचंच डिझाइन पुढे टिकतं.

आपल्या घरचा कूलर घ्या. मे महिन्यात 45 अंशांची कोरडी झळ ओल्या वाळ्यातून आत येते आणि 27-28 अंशांची होते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, ती त्या हवेतूनच घेतली जाते. हवा किती थंड होणार याची सीमा ठरवतो वेट बल्ब, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर. खूप कोरड्या हवेत तो 22 च्या आसपास असतो. जुलैत साधा थर्मामीटर 32 दाखवतो, पण वेट बल्ब 26-27 वर चढलेला असतो. म्हणून पावसाळ्यात कूलर नुसता चिकचिकाट करतो.

आता कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात चला. वीज बनवणारे 660 मेगावॉटचे तीन संच. तिथले कूलिंग टॉवर याच नियमावर चालतात. टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होते, आणि तिथला व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात, किती चांगला हे टॉवरमधून येणारं पाणी किती थंड आहे यावर ठरतं. व्हॅक्यूम चांगला असेल तर तेवढ्याच वाफेतून टर्बाइन जास्त काम काढतं. त्या केंद्राला पाणी पुरतं त्यात आपल्याच शहराचं सांडपाणीही आहे, भांडेवाडीत शुद्ध केलेलं. आपल्या शहराबद्दल मला अभिमान वाटतो अशा गोष्टींपैकी ही एक.

अशा एखाद्या संचाचा व्हॅक्यूम घसरला तर काय होतं, ते आकड्यांत बघू. कार्यक्षमता 40 टक्के आणि किलोमागे 3,500 किलोकॅलरी उष्णता देणारा कोळसा धरला, तर पूर्ण भारावर तासाला सुमारे 400 टन कोळसा जळतो. कार्यक्षमता 39 वर आली की तासाला 10 टन जास्त. दिवसाचे 240 टन, आणि वीज तेवढीच! मग इंजिनिअरने शोधायचं : कुठून हवा आत ओढली जातेय? कंडेन्सरच्या ट्यूबमध्ये क्षार बसलेत? टॉवरच्या नोझल चोंदल्यात? की बाहेरची हवाच दमट आहे आणि सगळं ठाकठीक आहे? हे शेवटचं ओळखता आलं नाही, तर माणूस चांगला पंप विनाकारण उघडून बसतो.

दुसरं उदाहरण अलाइनमेंटचं. मोटर आणि पंप यांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, एका रेषेत आणायचे, बारीक फरक दाखवणारा डायल गेज लावून. मिनिटाला 3,000 फेरे फिरणाऱ्या यंत्रात रेष चुकायची मुभा असते ती 0.05 मिलिमीटरच्या आसपास. आता पायांवर बसवलेला गरम पाण्याचा पंप घ्या. पायापासून शाफ्टपर्यंत 400 मिलिमीटर उंची, आणि चालू झाल्यावर तो भाग सरासरी 60 अंशांनी तापला. पोलाद एका मीटरमागे दर अंशाला 0.012 मिलिमीटर वाढतं. करा गुणाकार. शाफ्ट जवळपास 0.3 मिलिमीटर वर उचलला जातो, म्हणजे मुभेच्या सहापट. म्हणून पंप थंड असताना मुद्दाम तेवढा खाली ठेवायचा. हे केलं नाही, तर अलाइनमेंटचा कागद बरोबर आणि बेअरिंग मात्र काही आठवड्यांत गेलेलं.

जुन्या फिटरला हे सूत्राशिवाय माहीत असतं. त्यांच्याशी ‘अहो-जाहो’नेच बोला, शेजारी उभे राहा आणि हात काळे होऊ द्या. तुमच्याकडे सूत्र आहे, त्यांच्याकडे हात आहे. एकट्या सूत्राने मशीन चालू होत नाही, आणि एकट्या हाताला पुढच्या वेळी ते का बिघडेल हे सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही अनुभवावर सोडू नका. मशीनला हात लावण्याआधी परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, मशीनला वीज देणारा फीडर बंद, त्याला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. साहेब घाई करत असले तरीही.

कामाची जागा शोधायला लांब जायची गरज नाही. खापरखेडा आणि मौद्याची वीज केंद्रं, बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने, मिहानमधली विमानदुरुस्ती; वेकोलि (कोळसा खाणींची वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि मॉइल (मँगनीज खाणींची कंपनी) यांची तर मुख्यालयंच इथे आहेत. पुढे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची किंवा ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा द्या. वीज केंद्रांत जायचं असेल तर राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था आपल्याच शहरात आहे. सॉफ्टवेअर शिका, हवंच ते. पण ते शिकायला घर पुरतं, व्हायब्रेशन हाताला कळायला प्लांट लागतो.

मुलींनी विचारलंय, प्लांटमध्ये आम्हाला घेतील का? अर्ज करा. आणि मेंटेनन्सला पाठवा असं स्वतःहून सांगा, नाहीतर ‘सोयीचं’ म्हणून ऑफिसातलं टेबल देतात आणि पहिली महत्त्वाची वर्षं तिथेच जातात. हा अन्याय अजून होतो, आणि तो गप्प बसून सोसू नका.

मुलाखतीत पगार विचाराच. त्यासोबत हेही विचारा : माझ्या ताब्यात कोणती यंत्रं येतील, आणि त्यांची लॉगबुकं मला पहिल्या दिवशी वाचायला मिळतील का?