सिंधूकाठचा टाका

(दृश्य : पुण्यातलं एक देवघर. ताम्हनात शाळिग्राम, वर तुळशीचं पान. पळीतून पाणी पडतं.)

हा शाळिग्राम या घरात चार पिढ्यांपासून आहे. एका अंगाला तो फुटलाय आणि त्या फुटीतून आतलं चक्र दिसतं. घरातले त्याला विष्णूचं चक्र मानतात. भूशास्त्राच्या पुस्तकात याच चक्राचं नाव अमोनाईट. समुद्रात पोहणारा, शंख पाठीवर वागवणारा हा प्राणी आपल्या बाजारात मिळणाऱ्या माकुळाचा लांबचा नातलग. शाळिग्राम येतात ते नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून, आणि तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब.

तो समुद्र कुठे गेला, ते बघायला आम्ही लडाखला गेलो.

(दृश्य : ड्रोन. लेहजवळचं सिंधूचं खोरं, सकाळचं ऊन.)

नदीच्या उत्तरेला बघा, फिकट राखाडी डोंगर. दक्षिणेला स्टोकची रांग, तांबडी, जांभळट, मधूनच हिरवी. फोटो काढणारे रंगांवर खूश होतात आणि पुढे जातात. पण उत्तरेचा डोंगर आशियाचा आहे. दक्षिणेला स्टोक ओलांडून झांस्करमध्ये उतरलं, की भारताचा जुना किनारा सुरू होतो. या दोन खंडांना जोडणारा टाका मधल्या पट्ट्यात आहे आणि सिंधू बरंच अंतर त्याला धरून वाहते. भूशास्त्रात याला म्हणतात ‘इंडस सुचर झोन’. सुचर म्हणजे टाकाच, डॉक्टर घालतात तसा.

पृथ्वीचं कवच अखंड नाही. मोठे भूपट्ट सातएक आणि लहान बरेच. जिथे ते एकमेकांपासून दूर जातात, तिथे आइसलँडसारखी भेगाळलेली जमीन दिसते. जिथे शेजारून घासत जातात, तिथे कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियाससारखी लांब भेग. ही दोन्ही ठिकाणं आमच्या कॅमेऱ्यात नाहीत, तेव्हा ती राहू देत. इथला प्रकार तिसरा, समोरासमोर टक्कर.

(दृश्य : नकाशा. भारताचा तुकडा दक्षिणेकडून वर सरकतो.)

भारत एके काळी अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका यांच्याबरोबर गोंडवन नावाच्या महाखंडात होता. तिथून सुटला आणि उत्तरेकडे निघाला. मध्ये टेथिस समुद्र. काही काळ भारताचा वेग वर्षाला 15 सेंटीमीटरच्याही वर गेला होता. आपली नखं वर्षभरात साधारण 4 सेंटीमीटर वाढतात, त्या मानाने हे धावणंच. वाटेत, 6 कोटी 60 लाख वर्षांच्या सुमारास, त्याच्या अंगावर लाव्हाचे थरांवर थर साचले. आपला सह्याद्री तो. राजगडाचा कातळ थिजला, तेव्हा ती जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आणि भारत अजून आशियाला टेकायचा होता.

(दृश्य : लेहच्या उत्तरेची खिंड, खारदुंग ला. रस्त्याकडेचा ग्रॅनाईट, कॅमेरा अगदी जवळ.)

भारत वर सरकत होता तसा टेथिसचा तळ आशियाच्या पोटाखाली शिरत होता. समुद्रतळाच्या खडकात पाणी मुरलेलं असतं. खोल गेल्यावर ते सुटतं, वरचा तप्त खडक त्यामुळे वितळतो आणि शिलारस वर चढू लागतो. काही ज्वालामुखींतून बाहेर पडला, बराचसा वाटेतच थांबून सावकाश निवला. हाताखाली आहे तो हाच. पांढरे दाणे फेल्डस्पारचे, काचेसारखे क्वार्ट्झचे, काळे ठिपके हॉर्नब्लेंड आणि अभ्रकाचे. सावकाश निवला म्हणूनच दाणे एवढे मोठे झाले. वरचे ज्वालामुखी बहुतेक झिजून गेले. खारदुंग लावर ‘जगातला सर्वांत उंच रस्ता’ अशा पाटीपाशी फोटोला रांग लागते. त्या पाटीच्या पायाशी काय आहे, ते सांगणारी पाटी आम्हाला कुठे दिसली नाही.

(दृश्य : उपशीहून दक्षिणेकडे जाणारी घळ. उभे थर, खाली पाणी.)

साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी समुद्र मिटला आणि खंड खंडाला भिडला. खंडाचा खडक हलका, समुद्रतळासारखा सहज बुडत नाही. मग तो चुरगळतो, घडी पडते, थरावर थर चढतो.

या भिंती बघा. नद्यांनी आणून टाकलेला वाळू-गोट्यांचा गाळ आहे हा, साचताना सपाट साचलेला. आता भाकऱ्यांची चवड उचलून भिंतीला उभी लावावी तसा उभा आहे.

(निवेदन थांबतं. घळीतला वारा, गाडीच्या खिडकीतून भिंती सरकत जातात.)

(दृश्य : न्योमाच्या पुढे, निडारचा परिसर. काळपट-हिरवे गोलसर खडक.)

आमच्या दृष्टीने या सगळ्या प्रवासातली जागा ही. उशा एकावर एक रचून ठेवल्यासारखे हे गोळे, म्हणजे पिलो लाव्हा. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की त्याची साल लगेच थिजते, आतला रस ती फोडून पुढे येतो, पुन्हा थिजतो. म्हणजे आपण समुद्राच्या तळावर उभे आहोत, समुद्रसपाटीपासून 4 किलोमीटरहून अधिक उंचीवर.

शेजारी हा विटकरी रंगाचा पट्टा, चर्ट नावाच्या दगडाचा. बोटाएवढे जाड थर, कडा इतक्या धारदार की हात जपून ठेवावा लागतो. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात रेडिओलेरियांचे सांगाडे दिसतात. डोळ्यांना न दिसणारे हे एकपेशीय जीव टेथिसच्या पाण्यात मेले आणि तळाशी थर होऊन साचले. समुद्राचा बाकी बहुतेक तळ आशियाखाली गेला. टाक्यात अडकून वर राहिला तो एवढा.

1936 मध्ये ऑगस्ट गान्सर हा स्विस भूशास्त्रज्ञ यात्रेकरूच्या वेशात तिबेटात शिरला. कैलासाच्या दक्षिण पायथ्याशी त्याला असेच समुद्रतळाचे खडक सापडले. भूपट्टांचा सिद्धांत तेव्हा मांडलेलाही नव्हता. पुढे कळलं की निडारचे खडक आणि कैलासाजवळचे खडक एकाच टाक्यावर आहेत. तो टाका तिथून त्सांगपोच्या, म्हणजे वरच्या ब्रह्मपुत्रेच्या, खोऱ्याने पूर्वेला जातो.

(दृश्य : त्सो मोरीरी. निळं पाणी, पलीकडे बर्फ.)

या तळ्याभोवतीच्या काही खडकांत कोएसाईट नावाचं खनिज सापडलंय. प्रचंड दाब असल्याशिवाय ते बनत नाही. म्हणजे भारताच्या कवचाची ही कड धडकेत सुमारे 100 किलोमीटर खोल ओढली गेली आणि परत वर आली. आम्ही गेलो तेव्हा काठावर याक चरत होते.

(दृश्य : पुगा. वाफा, गंधकाचे पिवळे डाग, उकळतं पाणी.)

हे पुगा. उंचीमुळे पाणी इथे शंभराऐवजी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. पांढरी खरड आहे ती टाकणखाराची. पूर्वी इथून टाकणखार आणि गंधक काढत.

ढकलणं अजून चालू आहे. भारत आजही वर्षाला 4-5 सेंटीमीटरने उत्तर-ईशान्येला सरकतोय आणि त्यातले सुमारे 2 सेंटीमीटर हिमालय अंगावर घेतो. साठलेला ताण अधूनमधून भूकंपांतून सुटतो : 1905 कांगडा, 1934 बिहार-नेपाळ, 1950 आसाम, 2015 नेपाळ.

(दृश्य : 1905 सालची कांगड्याची जुनी छायाचित्रं. निवेदन नाही.)

(दृश्य : निडारहून परतीची वाट. पोकलेन, धूळ, डंपर.)

येताना शेवटचं चित्रण हे. रस्ता रुंद होतोय. व्हायलाच हवा, हिवाळ्यात इथल्या गावांना त्याच्यावाचून दुसरं काही नाही. चालकदादांनी आम्हाला बघून यंत्र थांबवलं आणि काय शोधताय म्हणून विचारलं. आम्ही ढिगातला लाल दगड उचलून दाखवला. ते म्हणाले, असला माल भरावाला चांगला असतो, लवकर दबत नाही.

(दृश्य : पोकलेनचा बकेट. लाल चर्टचा ढीग डंपरमध्ये पडतो. धूळ बसेपर्यंत कॅमेरा तिथेच.)