सेटिंग कोणाचे? डोळ्यांचे, मजकुराचे की टेम्प्लेटचे?

मित्रहो,

लेखनावर ज्यांचे काम चालते अशी माणसे दिवसातले कित्येक तास वर्ड प्रोसेसरसमोर बसतात, आणि तरीही त्यांच्यापैकी बहुतेकांचा पडदा प्रोग्राम बसवला त्या दिवशी जसा होता तसाच वर्षानुवर्षे राहतो. ज्यांना बदल करावासा वाटतो, त्यांची अडचण वेगळी असते. मेन्यूमध्ये शेकडो पर्याय असतात, आणि त्यांतला कोणता पर्याय कुठवर परिणाम करील याचा अंदाज येत नाही. म्हणून आज मी एकच प्रश्न हाताशी धरून बोलणार आहे. कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी ते कोणाचे आहे, हे आधी पाहावे. काही सेटिंग्ज आपल्या डोळ्यांची असतात, ती दुसऱ्याच्या यंत्रावर जात नाहीत. काही समोरच्या मजकुराची असतात, ती फाइलबरोबर प्रवास करतात. आणि काही टेम्प्लेटची, म्हणजे नवी फाइल ज्यातून तयार होते त्या साच्याची असतात, ती यापुढे उघडणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलमध्ये उतरतात.

या तिन्हींची गल्लत झाली की काय होते, ते मी एका हस्तलिखितावर पाहिले. ते संपादनासाठी माझ्याकडे आले तेव्हा सगळा मजकूर १८ पॉइंटांत होता. लेखकांना विचारले, तर ते म्हणाले, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मोठे केले. शिवाय प्रत्येक प्रकरण नव्या पानावर यावे यासाठी त्यांनी एंटर कळ पुन्हा पुन्हा दाबून रिकाम्या ओळी घातल्या होत्या. मी मजकूर १२ पॉइंटांवर आणला मात्र, आणि पाने आवळली. प्रकरणांची शीर्षके कुठे पानाच्या मध्यावर, तर कुठे तळाशी जाऊन बसली आणि अधूनमधून मोकळी मैदाने दिसू लागली. त्या रिकाम्या ओळी वेचून काढण्यात माझी एक संध्याकाळ गेली. लेखकांची गरज खरी होती. तिच्यासाठी त्यांनी हात घातला तो मात्र मजकुराच्या सेटिंगला. त्यांना हवा होता झूम. कंट्रोल कळ दाबून धरून माउसचे चाक फिरवले की पडद्यावरचे अक्षर वाढते आणि फाइलमधले १२ पॉइंट १२च राहतात. नव्या पानासाठी कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की पृष्ठखंड पडतो, मग अक्षर कितीही लहानमोठे झाले तरी शीर्षक आपली जागा सोडत नाही.

पॉइंट हे छापील कागदाचे माप आहे. आजच्या संगणकीय मुद्रणात ७२ पॉइंटांचा एक इंच होतो. झूमच्या टक्क्यांचा या मापाशी काहीही संबंध नाही. पडदा आणि कागद यांतला हा फरक आज आपल्याला जाणवत नाही, कारण पडद्यावर हुबेहूब कागदच दिसतो. ही कल्पना झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७४च्या सुमारास बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ब्राव्हो या प्रोग्राममधून पुढे आली. पुढे याच सिमोनींच्या देखरेखीखाली मायक्रोसॉफ्टचे वर्ड आकाराला आले. मात्र डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणकप्रणालीच्या काळातला वर्डपरफेक्ट हा वर्ड प्रोसेसर निळ्या पार्श्वभूमीवर साधी अक्षरे दाखवत असे, आणि तिथे लिहिताना पानाचा विचार मनात येत नसे. अनेकांना त्या निळ्या पडद्याची इतकी सवय होती, की वर्डमध्येही निळ्यावर पांढरे अक्षर दाखवण्याचा पर्याय पुष्कळ वर्षे होता. २००७च्या आवृत्तीत तो गेला.

माझे मत असे आहे की पहिला खर्डा लिहिताना कागद दिसूच नये. वर्डमध्ये ड्राफ्ट दृश्य आणि लिबरऑफिस रायटर या मोफत वर्ड प्रोसेसरमध्ये वेब दृश्य निवडले की पानांच्या कडा, समास, शीर्षटीप हे सारे नजरेआड होते आणि मजकूर एका सलग पट्टीसारखा वाहतो. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना तर ड्राफ्ट दृश्याचा मोठाच आधार आहे. वर्डच्या प्रगत पर्यायांत मजकूर खिडकीच्या रुंदीत बसवण्याची एक खूण आहे. ती लावली की झूम २०० टक्के केला तरी ओळ उजवीकडे पडद्याबाहेर पळत नाही, खिडकीच्या आतच मोडते. तिथेच ड्राफ्ट दृश्यासाठी वेगळा फॉन्ट ठरवण्याचीही सोय आहे. लिहिताना ठसठशीत, रुंद अक्षर वापरावे आणि छापताना प्रकाशकाने सांगितलेले. फाइलला त्याची गंधवार्ताही नसते. गडद पार्श्वभूमीचेही तसेच आहे. ते केवळ डोळ्यांचे सेटिंग आहे, छापील कागद पांढराच राहतो.

याच्या उलट, जे एरवी दिसत नाही ते दाखवणारे एक सेटिंग मी प्रत्येकाला कायम चालू ठेवायला सांगतो. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळांनी आणि रायटरमध्ये कंट्रोल आणि एफ१० या कळांनी परिच्छेदाच्या शेवटची खूण, शब्दांमधल्या मोकळ्या जागांचे ठिपके आणि टॅबचे बाण दिसू लागतात. पहिले दोन दिवस पडदा मुंग्या लागल्यासारखा वाटतो, नंतर डोळा सरावतो. मघाच्या हस्तलिखितात या खुणा चालू असत्या, तर त्या रिकाम्या ओळी लिहिता लिहिताच डोळ्यांत भरल्या असत्या.

आता मजकुराच्या सेटिंगकडे येतो, आणि इथे देवनागरीचा विषय थोडा विस्ताराने घ्यायला हवा. तुम्ही सगळा मजकूर निवडता, फॉन्ट बदलता, आकार १४ करता, आणि पाहता तर मराठी अक्षर जागचे हललेले नसते. मध्ये आलेले चार इंग्रजी शब्द तेवढे बदललेले असतात. पुष्कळांना वाटते की फॉन्टच बिघडला आहे. बिघाड काहीच नसतो. या प्रोग्रामांत प्रत्येक शैलीला, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांच्या नाव देऊन साठवलेल्या संचाला, एकापेक्षा अधिक फॉन्ट असतात, एक रोमन लिपीसाठी आणि एक देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांसाठी, ज्यांना तिथे ‘कॉम्प्लेक्स’ असे नाव आहे. दोन्हींचे आकारही स्वतंत्र असतात. वर्डमध्ये कंट्रोल आणि डी दाबून उघडणाऱ्या फॉन्टच्या चौकटीत खालचा भाग या लिप्यांचा असतो. रायटरमध्ये आधी भाषांच्या पर्यायांत जाऊन या लिप्यांची सोय चालू करावी लागते, मग शैलीच्या चौकटीत त्यांचा फॉन्ट निवडता येतो. हे एकदा नीट लावून घेतले, की मराठी मजकूर आणि त्यात आलेली रोमन अक्षरे आकाराने एकमेकांना शोभतील अशी ठेवता येतात. बहुधा दोन्हींना एकच आकडा देऊन भागत नाही, कारण १२ पॉइंटांचे देवनागरी अक्षर अनेक फॉन्टांमध्ये १२ पॉइंटांच्या रोमन अक्षरापेक्षा लहान दिसते.

ओळींमधल्या अंतराचेही तसेच. रोमन लिपीच्या हिशेबाने कोणी ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ १२ पॉइंट अशी बांधून टाकली, तर देवनागरीचे हाल होतात. ‘सर्वांनी’ हा एक शब्द घ्या. शिरोरेषेच्या वर रफार, अनुस्वार आणि वेलांटी अशी सगळी गर्दी आहे. ओळीला वाढायला जागाच नसल्याने वरचा भाग छाटला जातो आणि वाचणाऱ्याच्या हाती ‘सवानी’सारखे काहीतरी पडते. खाली ‘पूर्तता’मधला दीर्घ उकारही पुढच्या ओळीच्या डोक्याला टेकतो. त्यामुळे मराठीसाठी पटीतले अंतर किंवा ‘ॲट लीस्ट’ हा पर्याय घ्यावा. फाइल दुसऱ्याकडे गेल्यावर अनुस्वार गायब झाले, अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच सेटिंग पाहतो.

शब्दांखालच्या तांबड्या रेघांनी कंटाळून अनेक जण शुद्धलेखन तपासणीच बंद करून टाकतात. मला याचे वाईट वाटते. पुष्कळदा मजकुराची भाषा हिंदी म्हणून नोंदली गेलेली असते, आणि हिंदीच्या शब्दसंग्रहाला ‘आहे’ आणि ‘नाही’ हे शब्दही परके असतात. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करावी आणि मराठीचा शब्दसंग्रह बसवून घ्यावा, म्हणजे रेघा कमी होतात आणि ज्या उरतात त्या पाहण्यासारख्या असतात. आपोआप दुरुस्तीबद्दल एवढेच सांगतो, की नको असलेली दुरुस्ती झाली तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. बहुधा तेवढी दुरुस्ती मागे जाते आणि तुम्ही टंकलेले शाबूत राहते.

राहिले टेम्प्लेट. वर्डची नवी कोरी फाइल ज्यातून जन्माला येते ती नॉर्मल नावाची फाइल आपल्या यंत्रावर असते, आणि तिच्यातली मूळ मांडणी बनवणाऱ्यांनी वेळोवेळी बदललेली आहे. २००७ साली टाइम्स न्यू रोमन १२ पॉइंट जाऊन कॅलिब्री ११ पॉइंट आला, ओळीचे अंतर १.१५ पट झाले आणि परिच्छेदाखाली १० पॉइंटांची मोकळी जागा आली. २०१३च्या आवृत्तीत तेच आकडे १.०८ आणि ८ झाले. २०२३मध्ये कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस येणार, असे जाहीर झाले. आपण काहीच ठरवले नाही, तर आपल्या लेखनाचे रूप असे दुसरेच कोणी ठरवत राहते. फॉन्टच्या चौकटीत ‘डीफॉल्ट’ ठरवण्याचे बटण असते. ते दाबल्यावर हा बदल याच फाइलपुरता की या टेम्प्लेटवरच्या सर्व फाइलींसाठी, असा प्रश्न विचारला जातो. घाईत दुसरा पर्याय निवडला गेला, की एका निमंत्रणपत्रिकेसाठी घेतलेले नक्षीदार अक्षर पुढच्या प्रत्येक अर्जावर उमटते. तसे झालेच, तर वर्ड बंद करून ‘नॉर्मल.डॉटएम’ या फाइलचे नाव बदलावे. पुढच्या वेळी वर्ड मूळ मांडणीची नवी फाइल स्वतःच तयार करतो. त्यात आपल्या शैली आणि मॅक्रो, म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिका, मात्र राहत नाहीत, म्हणून जुनी फाइल पुसू नये.

मी स्वतः नॉर्मलला फारसा हात लावत नाही. लेखासाठी एक, पत्रासाठी एक आणि पुस्तकाच्या खर्ड्यासाठी एक अशी तीन टेम्प्लेटे मी वेगळी केली आहेत. प्रत्येकात ए४ आकार, समास, देवनागरी फॉन्ट, ओळीचे अंतर आणि मराठी भाषा हे सारे शैलींमध्ये बसवलेले आहे. यंत्र बदलले की या तीन फाइली आधी नव्या यंत्रावर नेतो, त्यांतले फॉन्ट तिथे बसवतो, आणि मग झूम किती ठेवायचा हे त्या नव्या पडद्यासमोर बसून ठरवतो.